अद्भुतरम्य भूमिकाखेळांतील कारागिरीचे नियम : 'मास्टरवर्क' या संकल्पनेचा विचार

'अद्भुतरम्य' ही संज्ञा मराठी समीक्षेत मुख्यतः 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) अशा प्रारंभीच्या कादंबऱ्यांच्या संदर्भात वापरली जाते. प्रस्तुत लेखात ती थोड्या वेगळ्या, म्हणजे इंग्रजीतील 'फॅन्टसी' या साहित्यप्रकाराच्या अर्थाने योजिली आहे. या प्रकारातून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एक नवा खेळ निर्माण झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच्या अनुकरणाने असे असंख्य खेळ निघाले. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात; त्यांपैकी एक जण सूत्रधार होतो, उरलेले एकेका पात्राची भूमिका स्वीकारतात, आणि सर्व मिळून तोंडी एक कथा रचत नेतात. पात्राने योजिलेली कृती सफल होते की नाही याचा निर्णय फासे देतात. खेळ आणि संस्कृती यांच्या नात्याचा विचार यॉहान हायझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात केला, त्यानंतर रॉजर कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे वर्गीकरण केले. परंतु ज्या खेळात नियमपुस्तक हेच कथेचे व्याकरण होते, असा खेळ त्या दोघांच्या काळी अस्तित्वात नव्हता.

या नियमपुस्तकांकडे साहित्याचा अभ्यासक सहसा वळत नाही. वळला तरी राक्षस, मंत्र आणि देवता यांच्या वर्णनांपाशी थांबतो. वास्तविक त्या कल्पित जगाची मूल्यव्यवस्था अधिक स्पष्टपणे दिसते ती किमतीच्या याद्यांत आणि कारागिरीच्या नियमांत. जादूचा स्पर्श नसलेली, पण साधारणाहून सरस अशी वस्तू माणसाच्या हातून कशी घडते, हे सांगणारा नियम त्यांपैकी एक. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत आणि २००३ च्या तिच्या सुधारित रूपात अशा वस्तूला 'मास्टरवर्क' हे नाव आहे. पुढील विवेचन मुख्यतः २००३ च्या नियमांवर आधारलेले आहे.

नियमाचे स्वरूप

मास्टरवर्क शस्त्र हाती असेल तर वार लागण्याच्या फाशात एकाची भर पडते. वाराने होणाऱ्या इजेत मात्र काहीही भर पडत नाही. म्हणजे शस्त्र अधिक तोलदार आहे, अधिक घातक नाही, असे नियमाचे म्हणणे दिसते. चिलखत मास्टरवर्क असेल तर त्याची संरक्षणशक्ती वाढत नाही; चढणे, पोहणे, उडी मारणे यांत त्याच्या भाराने येणारा अडथळा एका अंकाने कमी होतो. हत्यारे, म्हणजे कारागिराची साधने, मास्टरवर्क असतील तर त्यांच्या साह्याने केलेल्या कामात दोनाची भर पडते. या गुणासाठी मूळ किमतीवर शस्त्राला ३०० सुवर्णमुद्रा, चिलखताला वा ढालीला १५०, आणि साधनाला ५० सुवर्णमुद्रा अधिक पडतात. साधी लांब तलवार १५ सुवर्णमुद्रांना मिळते, तर मास्टरवर्क तलवार ३१५ ला, म्हणजे एकवीसपट. ही एकवीसपट किंमत ज्या फरकासाठी मोजायची, तो वीस बाजूंच्या फाशावरील एका बाजूइतका, म्हणजे शेकडा पाच आहे.

घडवण्याचा नियम असा. प्रत्येक वस्तूला एक काठिण्यांक असतो. लांब तलवारीचा १५ आहे. कारागीर आठवड्यातून एकदा वीस बाजूंचा फासा टाकतो आणि आलेल्या दानात आपल्या कौशल्याचा अंक मिळवतो. बेरीज काठिण्यांकाइतकी वा त्याहून अधिक झाली तर आठवड्याचे काम साधले. मग त्या बेरजेला काठिण्यांकाने गुणायचे. येणारा गुणाकार म्हणजे त्या आठवड्यात पूर्ण झालेले काम, आणि ते मोजायचे रौप्यमुद्रांत. (दहा रौप्यमुद्रांची एक सुवर्णमुद्रा.) अशा गुणाकारांची बेरीज वस्तूच्या किमतीला पोचली की वस्तू तयार. कच्च्या मालासाठी किमतीचा एकतृतीयांश भाग आधी खर्च करावा लागतो. बेरीज काठिण्यांकाहून चारापर्यंत कमी पडली तर आठवडा वाया जातो; पाच किंवा अधिक कमी पडली तर निम्मा कच्चा माल नासतो आणि तो पुन्हा विकत घ्यावा लागतो.

मास्टरवर्कच्या बाबतीत नियमकर्त्यांनी एक वेगळी युक्ती योजली आहे. वस्तूचे 'मास्टरवर्कपण' ही जणू एक स्वतंत्र वस्तूच मानली जाते. तिची किंमत निराळी आणि काठिण्यांक निराळा; हा अंक वस्तू कोणतीही असो, २० असतो. कारागीर एकाच वेळी दोन वस्तू घडवतो असे म्हणता येईल : एक तलवार, आणि दुसरा त्या तलवारीचा उत्तमपणा.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका लोहाराचे कौशल्य १० आहे असे समजू. घाई किंवा धोका नसताना फासा न टाकता दान दहा पडले असे धरून चालण्याची मुभा खेळात आहे; ती घेतली तर लोहाराची बेरीज दर आठवड्याला २० होते. साध्या तलवारीसाठी २० गुणिले १५ म्हणजे ३०० रौप्यमुद्रांचे काम आठवड्याला होते. तलवारीची किंमत १५० रौप्यमुद्रा, म्हणून ती अर्ध्या आठवड्यात तयार होते. उत्तमपणाची किंमत ३००० रौप्यमुद्रा. तेथे २० गुणिले २० म्हणजे आठवड्याला ४०० चे काम होते. त्याला साडेसात आठवडे लागतात. एकूण आठ आठवड्यांपैकी तलवारीला अर्धा आणि उत्तमपणाला साडेसात, असा हा हिशेब आहे. ज्याने एखाद्या चांगल्या कारागिराला काम करताना पाहिले आहे त्याला हे प्रमाण फारसे खोटे वाटणार नाही.

गणितातून निघणारा अर्थ

परंतु हे गणित पुढे नेले की त्यातील गृहीतके उघडी पडू लागतात. वस्तूला लागणारा वेळ येथे तिच्या किमतीवरून ठरतो. एकाच नमुन्याच्या दोन साखळ्या, एक लोखंडी आणि एक सोन्याची, घडवायच्या तर सोन्याच्या साखळीला कित्येकपट काळ लागेल. हात तेच, हत्यारे तीच, कौशल्यही तेच. अर्थशास्त्रात श्रमावरून मूल्य ठरते की मूल्यावरून श्रम, हा जुना वाद आहे. येथे नियमपुस्तकाने तो एका गुणाकारात निकालात काढला आहे. दुसरे असे की गुणाकारात काठिण्यांक असल्यामुळे अधिक अवघड काम अधिक वेगाने होते. इतकेच नव्हे, तर कारागिराला स्वेच्छेने काठिण्यांक दहाने वाढवून घेण्याची मुभा आहे, आणि तो वाढवला की काम लवकर उरकते. घाई हेच एक काठिण्य आहे, असे नियमकर्त्यांच्या मनात असावे, आणि तसे पाहिले तर ही सवलत तर्काला धरून आहे. मात्र जी वस्तू मुळातच अवघड आहे तिलाही तेच तत्त्व लागू झाल्याने विपरीत निष्कर्ष निघतो : पंधराच्या काठिण्याचा उत्तमपणा आपल्या लोहाराला दहा आठवडे गुंतवून ठेवील, विसाच्या काठिण्याचा साडेसातच.

याहून अर्थपूर्ण विसंगती लोहाराच्या उत्पन्नाची आहे. कारागिराने विशिष्ट वस्तू न घडवता आपला धंदा चालवला, तर आठवड्याला त्याच्या बेरजेच्या निम्म्या सुवर्णमुद्रा त्याला मिळतात. म्हणजे आपल्या लोहाराला दहा. आठ आठवड्यांत तो ८० सुवर्णमुद्रा कमावील. हेच आठ आठवडे त्याने मास्टरवर्क तलवारीसाठी दिले तर कच्च्या मालाला १०५ सुवर्णमुद्रा लागतील. पात्राला वस्तू विकताना सामान्यतः यादीतील किमतीच्या निम्मीच रक्कम मिळते, असा नियम असल्याने ३१५ च्या तलवारीचे साडेसत्तावन्न वर शंभर हाती येतील. खर्च वजा जाता उरतात साडेबावन्न. नाल मारणे आणि विळे धार लावून देणे यांत ८०, आणि आयुष्यातील सर्वोत्तम तलवार घडवण्यात साडेबावन्न. निम्म्या किमतीचा नियम मुळात गुहांतून लूट आणणाऱ्या साहसवीरांसाठी आहे, दुकान थाटून बसलेल्या लोहारासाठी नाही, असा बचाव करता येतो. पण नियमपुस्तकाला पात्र म्हणून ठाऊक असलेला कारागीर हा साहसवीरच आहे. दुकानातील लोहार त्याच्या दृष्टीने केवळ किमतीच्या यादीचा मागचा भाग आहे. त्याच जगात अकुशल मजुराची सरासरी मजुरी दिवसाला एक रौप्यमुद्रा सांगितली आहे. शस्त्राच्या उत्तमपणाची किंमत ही अशा मजुराच्या तीन हजार दिवसांची, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळाची मजुरी होते. सरंजामी समाजरचनेचे इतके नेमके चित्र या खेळांच्या वर्णनात्मक भागात क्वचितच सापडते, आणि येथे ते बहुधा नकळत उमटले आहे.

आणखी एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. मास्टरवर्क हत्यारे असली तर मास्टरवर्क वस्तू घडवणे सोपे जाते. ती हत्यारेही कोणी तरी घडवलेली असणार, आणि त्या कोणाच्या हातात त्या वेळी कोणती हत्यारे होती, हा प्रश्न मागे मागे जात राहतो. पुराणकथांनी तो आद्य शिल्पी कल्पून सोडवला. नियमपुस्तक तो विचारत नाही.

पूर्वकथांतील लोहार

या नियमाची मुळे ज्या वाङ्मयात आहेत तेथे लोहार हा किमतीच्या यादीत नसतो, कथेच्या मध्यभागी असतो. जुन्या नॉर्स काव्यातील व्होलुंड याला राजा पकडतो, त्याच्या पायाच्या शिरा तोडतो आणि बेटावर कोंडून त्याच्याकडून दागिने घडवून घेतो; त्याचा सूड हाच त्या काव्याचा विषय. ग्रीक हेफेस्टसही लंगडाच. 'बेओवुल्फ'चा नायक युद्धाला निघताना, आपण पडलो तर आपले चिलखत राजाकडे परत पाठवावे असे सांगतो, आणि ते वेलंडच्या हातचे आहे असे त्याचे वर्णन करतो. वेलंड म्हणजे व्होलुंडच. चिलखताची प्रत सांगायला कारागिराचे नाव पुरे होते.

'व्होल्सुंगा सागा'तील रेगिनची कथा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. रेगिन तरुण सिगुर्डसाठी तलवार घडवतो. सिगुर्ड ती ऐरणीवर मारतो आणि ती मोडते. दुसरीही मोडते. मग सिगुर्ड आईकडून बापाच्या तुटलेल्या तलवारीचे तुकडे आणतो, रेगिन त्यांतून तिसरी तलवार घडवतो, आणि ती ऐरण बुडापर्यंत चिरते. पुढे प्रवाहात सोडलेला लोकरीचा पुंजका तिच्या धारेवर येऊन आपोआप कापला जातो. दोन अपयशे आणि एक यश, अशी ही रचना फाशांच्या खेळाला किती जवळची आहे हे सहज ध्यानात येते. निम्मा माल नासण्याचा नियम वाचताना ऐरणीवर मोडलेल्या त्या दोन तलवारी आठवल्यावाचून राहत नाहीत.

तथापि खेळाच्या नियमांत रेगिनची कथा घडू शकत नाही, आणि याचे कारण लक्षणीय आहे. ज्याचे कौशल्य दहा किंवा अधिक आहे असा कारागीर 'दान दहा धरून' प्रत्येक वेळी वीसचा काठिण्यांक गाठतो. तो कधीच चुकत नाही. फासा टाकण्याची पाळी येते ती उणे कौशल्य असलेल्यावर. कौशल्य पाच असेल तर वीसपैकी सहा दाने त्याला यश देतात, चार दानांनी आठवडा फुकट जातो आणि उरलेल्या दहा दानांनी निम्मा माल नासतो. म्हणजे अपयशाचा नाट्यमय अवकाश शिकाऊ कारागिराच्या वाट्याला आला आहे, सिद्धहस्ताच्या नाही. रेगिन तर सिद्धहस्त होता. शिवाय बापाच्या तलवारीच्या तुकड्यांना नियमात वेगळे स्थान नाही. कच्चा माल म्हणजे किमतीचा तिसरा हिस्सा, तो कोठून आला याला महत्त्व नाही. सागातील तलवार वंशपरंपरेने सरस ठरते, खेळातील तलवार हिशेबाने.

या दोहोंच्या मध्ये टॉल्किन उभे आहेत. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) या कादंबरीत मिथ्रिल या धातूच्या कडीदार अंगरख्याचे मोल साऱ्या शायर प्रांताहून अधिक आहे, असे गँडाल्फ सांगतो. तेथे किंमत हा एक अलंकार आहे, विस्मय व्यक्त करण्याचा मार्ग. खेळात धातूच्या नावातील एक स्वर बदलून त्याच अंगरख्याची किंमत ११०० सुवर्णमुद्रा अशी छापली गेली, आणि या धातूची घडण नेहमीच मास्टरवर्क समजावी असा नियम जोडला गेला. अतिशयोक्तीचे दरपत्रक झाले.

जादूचा उंबरठा

मास्टरवर्क संकल्पनेचे कथनात्मक महत्त्व मात्र या त्रुटींनी कमी होत नाही, कारण तिचे खरे कार्य वेगळ्याच ठिकाणी आहे. नियम असा की शस्त्रावर वा चिलखतावर जादूचे संस्कार करायचे असतील तर ते आधी मास्टरवर्क असलेच पाहिजे. सामान्य तलवार मंत्र धारण करू शकत नाही. मांत्रिक कितीही सामर्थ्यवान असो, त्याला लोहारावाचून पुढे जाता येत नाही. दुसरा नियम याला पूरक आहे : तयार झालेल्या साध्या शस्त्राला मागाहून मास्टरवर्क करता येत नाही, तो गुण घडणीच्या वेळीच यावा लागतो. जादू नंतर चढवता येते, वाढवता येते; उत्तमपणा जन्मतःच असावा लागतो. मानवी कौशल्याला अलौकिकाच्या अगोदरची आणि अनिवार्य अशी जागा देणारा हा विचार अद्भुतरम्य साहित्यात इतक्या स्पष्ट शब्दांत अन्यत्र आढळणे कठीण आहे.

पण त्याच पानावर हा मान काढूनही घेतला आहे. मास्टरवर्कने मिळणारी एकाची भर आणि जादूने मिळणारी भर एकाच जातीच्या मानल्या असल्याने त्यांची बेरीज होत नाही. सर्वांत कमी प्रतीची जादूची तलवार, जिची किंमत २३१५ सुवर्णमुद्रा आहे, वाराला एक आणि इजेला एक अशी भर देते. तिच्यातील लोहाराचा 'एक' जादूच्या 'एका'त विरून जातो. २३१५ या आकड्यात लोहाराचे ३०० धरलेले आहेत, म्हणजे हिशेबात तो उरतो, परिणामात नाही. उंबरठा ओलांडला की उंबरठ्याची आठवण राहत नाही, तसाच हा प्रकार.

'मास्टरवर्क' या शब्दाचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धात युरोपातील कारागीर-संघांत उमेदवाराला उस्तादाचा दर्जा मिळवण्यासाठी आपल्या कामाचा एक नमुना पंचांपुढे ठेवावा लागे. जर्मन भाषेत त्याला 'माइस्टरश्ट्युक' म्हणत, आणि इंग्रजी 'मास्टरपीस'चा मूळ अर्थही हाच. तेथे वस्तू ही माणसाच्या योग्यतेचा पुरावा होती. खेळाने हे नाते उलटे केले : योग्यता वस्तूला चिकटली आणि उस्ताद दृष्टीआड झाला. मास्टरवर्क तलवार कोणाच्या हातची, हे नियमाला जाणून घ्यायचे नसते.

हा शब्द मराठीत आणू पाहणाऱ्याला हीच अडचण येते. 'सिद्धहस्त', 'कसबी', 'हातोटी' हे शब्द माणसाकडे किंवा त्याच्या हाताकडे बोट दाखवतात. 'अव्वल', 'अस्सल' वस्तूची प्रत सांगतात, पण घडण सांगत नाहीत. शस्त्राच्या बाबतीत मराठीने तिसरीच वाट धरलेली दिसते. युरोपीय पात्याच्या सरळ तलवारीला 'फिरंग' म्हणत. मूठ येथली, पाते परदेशी. प्रत सांगण्यासाठी मराठीने तेथे पात्याचे मूळ सांगितले. 'उत्तम घडणीची तलवार' असे साधे भाषांतर बहुधा त्यातल्या त्यात बरे. पण त्यात संघाच्या परीक्षेचा गंध उतरत नाही.

नियमाचा लोप

तिसऱ्या आवृत्तीचे नियम २००० साली खुल्या परवान्याखाली इतर प्रकाशकांना उपलब्ध झाल्याने मास्टरवर्कची कल्पना इतरत्रही पसरली. २००९ मधील 'पाथफाइंडर' या खेळाने ती जवळजवळ जशीच्या तशी घेतली. मूळ खेळात मात्र ती टिकली नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत हे नाव वरच्या प्रतीच्या जादूच्या चिलखतांपुरते उरले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तेही गेले, आणि २०१९ मध्ये 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीनेही हा वर्ग सोडून दिला. पाचव्या आवृत्तीतील कारागिरीचा नियम अगदी सुटसुटीत आहे : कच्चा माल निम्म्या किमतीचा, दिवसाला पाच सुवर्णमुद्रांचे काम, फासा नाही, अपयश नाही. २०२४ च्या सुधारित पुस्तकात हाच वेग दिवसाला दहा मुद्रांवर नेला. सर्वांगी पोलादी चिलखत, ज्याची किंमत दोन्ही पद्धतींत १५०० सुवर्णमुद्रा आहे, ते २०१४ च्या नियमाने ३०० दिवसांत होते. आपल्या दहा कौशल्याच्या लोहाराला जुन्या नियमाने, १८ च्या काठिण्यांकाने, जवळजवळ ४२ आठवडे म्हणजे सुमारे २९२ दिवस लागत. एवढ्या गुणाकारांचा फेरा घेऊन उत्तर तेच राहिले, हे पाहता सुलभीकरण करणाऱ्यांना दोष देणे अवघड आहे.

मात्र गुणाकारांबरोबर प्रतीचा भेदही गेला. साधी तलवार आणि जादूची तलवार यांच्यामध्ये आता काही नाही; जिला शस्त्रकलेतील साधने वापरता येतात अशा कोणत्याही दोन पात्रांनी घडवलेल्या तलवारी नियमाच्या दृष्टीने एकच असतात. रेगिनची तिसरी तलवार २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे साडेसात सुवर्णमुद्रांच्या लोखंडातून तीन दिवसांत होईल, आणि ती पहिल्या दोघींसारखीच असेल.